राजा दुसऱ्यांदा हरला, मुक्काम बदलापूर

इंग्लंडचा इतिहास मी गेली वीसेक वर्षं सांगलीच्या कॉलेजात शिकवते आहे. एवढ्या काळात मला कोणी इंग्लंडला पाठवलेलं नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला मात्र पाठवलं, तेही जाण्यायेण्याच्या खर्चासकट. नवऱ्याने बॅग भरताना विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "मी आहे. लोक मला बघायला येणार आहेत."

या तीन गावांचं मिळून एक वाचनालय आहे आणि त्याची दर थंडीत व्याख्यानमाला असते. एकच वक्ता, एकच विषय आणि तीन गावांत तीच व्याख्यानं. हिशोबी माणसांनी काढलेली युक्ती दिसते. त्या वर्षी ज्या विनोदी वक्त्यांना बोलावलं होतं त्यांचा घसा बसला, म्हणून माझी आठवण झाली. त्यांच्यानंतर आणखी किती जणांचे घसे बसले होते हे मी विचारलं नाही. मी त्यांना तीन विषय कळवले होते. त्यांनी निवडला तो असा: 'इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांचं दुसरं यादवी युद्ध असं का संपलं?' आमचे प्राचार्य म्हणाले, "तिकडच्या लोकांना पहिलं युद्ध माहीत आहे का?"

वाचकांनाही ते माहीत नसेल असं धरून थोडक्यात सांगते. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा आणि त्याचं पार्लमेंट यांच्यात लढाई झाली. राजा हरला. तरी त्याला कोणी हात लावला नाही, कारण बहुतेकांना राजा हवाच होता, फक्त जरा शहाणा झालेला. राजा मात्र कैदेत बसून एका बाजूला पार्लमेंटशी तहाच्या गोष्टी करत होता आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडवाल्यांशी गुपचूप करार करत होता, की तुम्ही फौज घेऊन या. पुन्हा युद्ध झालं. पुन्हा हरला. या खेपेला त्याचं डोकं उडवलं. माझं दीड तासाचं व्याख्यान एवढंच. बाकी सगळं त्या दोन युद्धांच्या मधल्या चिखलाबद्दल.

उल्हासनगर

उल्हासनगरात माझी सोय वाचनालयाचे सभासद सेवारामजींकडे केली होती. त्यांचं फर्निचरचं दुकान खाली, घर वर. कधीकाळी ही निर्वासितांची बराक होती. आता तिच्यावर दोन मजले चढले आहेत आणि तिसऱ्याच्या सळया आकाशाकडे बघत उभ्या आहेत. इथे पत्ता सांगताना आळी-पेठ सांगत नाहीत, कॅम्पचा नंबर सांगतात. सांगलीत आम्ही पाहुण्याला आधी पाणी विचारतो, मग चहा, मग थोडा वेळ गप्प बसतो. इथे मी चप्पल काढायच्या आत ताट पुढे आलं. दाल-पकवान: खाली पातळ हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची चटणी आणि शेजारी परातीएवढी कुरकुरीत पुरी. "मी जेवून निघाले," असं मी सांगितलं. सेवारामजींच्या पत्नीने, भाभींनी, ते शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी एक पकवान वाढलं.

व्याख्यानाला गर्दी चांगली होती. निम्मे लोक भजन आहे असं समजून आले होते, आणि ते नाही असं कळल्यावरही उठले नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा. मी राजाचे पार्लमेंट, फौज आणि स्कॉटलंडवाले अशा तिघांशी चाललेले व्यवहार सांगत होते, तेव्हा पहिल्या रांगेतून सेवारामजी मान हलवत होते. परत जाताना म्हणाले, "मॅडम, एक बात बोलू? तुमच्या राजाला धंदा नाय समजला. एकच सोफा त्याने तीन पार्टीला दाखवला. बरोबर?"

"बरोबर."

"पहली बार पकडला, तर मार्केटमधी लोक काय बोलते? गलती हो गई, बडा आदमी है. दुसऱ्या वेळी कोण त्याच्या दुकानाची पायरी चढनार?"

मी हेच सांगायला दीड तास घेतला होता, तळटीपांसह.

घरी त्यांची आई पलंगावर बसून होती. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मुलाने व्याख्यानाचा सारांश सिंधीत सांगितला, तो बराच लांबला. म्हातारीने एकच प्रश्न विचारला. सेवारामजींनी तो मला सांगितला: "आई विचारते, राजा गेला ते ठीक आहे. तिकडच्या लोकांची घरं गेली काय?"

मी म्हटलं, गेली. एका गावाला पार्लमेंटच्या फौजेने उन्हाळाभर वेढा घातला होता. राजाचे सरदार आत कोंडून बसले आणि त्यांच्यापायी गावच्या लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री. म्हातारीने ते ऐकलं आणि माझा हात तिच्या हातात घेऊन बराच वेळ ठेवला, जणू ते गाव माझंच होतं. वर्गात हा भाग मी परीक्षेला येत नाही म्हणून सोडते.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी मला न्यायला गायकवाड आले. वाचनालयाचे कार्यवाह, एका केमिकल फॅक्टरीत स्टोअर सांभाळणारे, चाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. स्कूटरवर मागे बसून मी अंबरनाथमध्ये शिरले तेव्हा डोळ्यांना पाणी आलं. भावनेने नव्हे. "आज वारा इकडचा आहे," गायकवाड म्हणाले. "उद्या तिकडं जाईल. आम्ही वासावरून कंपनी ओळखतो." मला इथलं जुनं शिवमंदिर बघायचं होतं. त्याऐवजी मला एका सभासदाचं नवीन घर, दुसऱ्याचा नवीन फ्रिज आणि तिसऱ्याचा पहिलीत नंबर आलेला मुलगा दाखवण्यात आला. मंदिर नऊशे वर्षं उभं आहे, ते थांबेल, असा त्यामागे विचार असावा.

बुवापाड्यातल्या सभागृहात व्याख्यान झालं. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजीवर पहिली पाळी सुटून आलेले कामगार. माझे विद्यार्थी ज्या ठिकाणी हमखास झोपतात तिथे हे लोक पुढे सरकून बसले. एकाने विचारलं, "राजाने पहिल्या वेळी मान्य केलं होतं ना सगळं? मग परत कशाला लढला?"

मी म्हटलं, "त्याला वाटायचं, राजाचं राज्य देवाने दिलेलं. बंडखोरांना दिलेला शब्द हा शब्दच नव्हे. तो फक्त वेळ काढण्यासाठी दिलेला असतो."

यावर मागच्या बाजूला कुजबुज झाली आणि सगळ्यांनी गायकवाडांकडे बघितलं. गायकवाड छताकडे बघत होते.

चहाच्या वेळी मी विचारलं, "हे काय होतं?" तेव्हा त्यांनी सांगितलं. वाचनालयाचे अध्यक्ष बदलापूरचे दादासाहेब. मुख्य हॉल त्यांच्या जागेवर, त्यांच्या वडिलांच्या नावाने बांधलेला. बांधताना दादासाहेबांनी स्वतः घमेली उचलली होती, हेही गायकवाडांनी सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी दादासाहेबांनी त्या हॉलमध्ये पुतण्याच्या सिमेंटच्या गोणी ठेवायला दिल्या आणि पुस्तकं ओट्यावर काढली. पावसात ती भिजली. समितीने बंड केलं. मोठं भांडण झालं. शेवटी दादासाहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की यापुढे हॉल फक्त वाचनासाठी. समितीने त्यांना अध्यक्ष ठेवलं, हार घातला आणि पेढे वाटले.

"आणि आता?"

"आता त्यांनी पलीकडच्या वाडीच्या क्रीडा मंडळाला कबूल केलंय. हॉल व्यायामशाळेला देतो, तुम्ही सगळे सभासद व्हा आणि वार्षिक सभेला येऊन माझ्या बाजूने हात वर करा. म्हणजे समिती गेली. ती सभा उद्या आहे. तुमच्या व्याख्यानानंतर लगेच."

माझ्या हातातला चहा थंड होत होता. "हा विषय तुम्ही निवडलात का?" मी विचारलं.

"शपथेवर सांगतो, नाही मॅडम. दादासाहेबांनी निवडला. तुमच्या तीन विषयांत राजा एकाच विषयात होता."

जरा वेळाने ते म्हणाले, "बदलापूरला शेवट जरा सावकाश सांगा. घाईघाईत डोकं उडवू नका."

"तुम्हाला त्यांचं डोकं पाहिजे का?"

"छे! आम्हाला हॉल पाहिजे." मग थांबून म्हणाले, "पण गेल्या वेळेला पण आम्ही हेच बोललो होतो."

बदलापूर

बदलापूरची हवा अंबरनाथहून आल्यावर इतकी स्वच्छ वाटली की मला ती जरा बेचव लागली. दादासाहेबांचं घर कौलारू, मागे आंब्याची झाडं, पुढे भाताचं खळं आणि खळ्याला लागून नव्या चार मजली इमारतीचा पाया. दादासाहेब साठीच्या पुढचे, उंच, पांढरं धोतर, आवाज असा की कुजबुज केली तरी शेजारच्या वाडीत ऐकू जावी. अशा माणसाने गुप्त करार करावेत हे धाडसाचं होतं. घरात त्यांची पत्नी, काकू, आणि मुलगी मंगल. मंगल तिशीची, शाळेत शिक्षिका. सकाळ-संध्याकाळ वाचनालयात मुलींचा अभ्यासवर्ग चालवते आणि समितीत सहचिटणीस आहे.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजेच भाकरी. ही पांढरीशुभ्र बघून मी आधी तिला घावन समजले. "घ्या वो बाई, लाजू नका," काकू म्हणाल्या. "येवढं लांबून बोलाया आलाव."

दादासाहेब खुशीत होते. "मॅडम, राजाचा विषय झकास निवडला आपण. लोकांना कळलं पाहिजे, राजा म्हणजे काय असतो. शेवटी जिंकतो ना तो?"

"नाही. हरतो."

"पण शेवटी?"

"शेवटीच हरतो. आधी पण हरलेला असतो."

दादासाहेबांचा घास हातातच राहिला. "आणि मग त्याचं काय करतात?"

मी काकूंकडे बघितलं. जेवताना सांगण्यासारखं ते नव्हतं. मंगल ताटात बघून म्हणाली, "डोकं उडवतात, बाबा. मी वाचलंय."

"मग हा विषय निवडला कोणी?"

"तुम्ही."

हात धुताना दादासाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात विचारलं, "शेवट जरा मऊ करता येईल का? आजारी पडून गेला वगैरे?" दोन दिवसांत माझ्याकडे इंग्लंडच्या राजाचे दोन वेगवेगळे शेवट मागून झाले होते. सांगलीत मला इतकं महत्त्व कधीच मिळालं नव्हतं.

दुपारी मंगल मला हॉल दाखवायला घेऊन गेली. एका कपाटातली पुस्तकं फुगून दुप्पट जाड झाली होती. ती तिने फेकली नव्हती, उन्हात वाळवून पुन्हा लावली होती. मी विचारलं, "गेल्या वेळी समितीने दादासाहेबांना कसं काय माफ केलं?"

"मी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "गायकवाड सर तयार नव्हते. मी सगळ्यांच्या घरी गेले. म्हटलं, माझा बाप आहे, मी ओळखते, एकदा बोलला की मोडणार नाही." तिने एक पुस्तक सरळ केलं. "व्यायामशाळेचं मला भाजीवालीकडून कळलं."

संध्याकाळी हॉल भरला. एका बाजूला समिती आणि अंबरनाथहून आलेले लोक, दुसऱ्या बाजूला दादासाहेबांच्या भावकीतले वडीलधारे, टोप्या घालून. सेवारामजीही आले होते, बरोबर डबा घेऊन. मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या क्रीडा मंडळासाठी दादासाहेबांनी राखून ठेवल्या होत्या. मंडळ काही आलं नव्हतं. त्यांचा कबड्डीचा अंतिम सामना लांबला होता.

मी शेवट मऊही केला नाही आणि सावकाशही सांगितला नाही, जसा आहे तसा सांगितला. राजाचे लोक एका वेळी उठले नाहीत. वेल्समध्ये आधी, केंटमध्ये नंतर. पार्लमेंटच्या कसलेल्या फौजेने एकेकाला गाठून मोडलं. स्कॉटलंडची फौज आली तोवर बाकीचे संपले होते. वर पाऊस, चिखल, आणि फौज मैलोन् मैल पांगलेली. त्यातून राजाच्या बाजूचे कितीतरी इंग्रज घरी बसून राहिले, कारण त्यांना राजा प्यारा होता, पण राजाने बोलावलेले परके नको होते. हे वाक्य मी बोलले आणि टोप्यांमध्ये हालचाल झाली.

प्रश्नांच्या वेळी मंगल उभी राहिली. बापाकडे न बघता तिने विचारलं, "पहिल्या वेळी राजाला माफ केलं. दुसऱ्या वेळी का नाही केलं? गुन्हा तर तोच होता."

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. "गुन्हा तोच नव्हता," मी म्हटलं. "पहिल्या युद्धात तो शत्रूंशी लढला. दुसऱ्या युद्धात तो ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला त्यांच्याशी लढला. फौजेने ठरवलं, की आता याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पार्लमेंटातले पुष्कळ जण तेव्हाही तह करायला तयार होते. फौजेने त्यांना दारातच अडवलं."

मंगल "बरं" म्हणाली आणि बसली. वर्गात या उत्तरावर मुलं वही मिटतात. इथे कोणी काही मिटलं नाही.

सभा सुरू झाली. गायकवाडांनी ठराव मांडला, की अध्यक्ष बदलावा. दादासाहेब दाराकडे बघत होते. तेवढ्यात क्रीडा मंडळ आलं. सगळं नव्हे, जिंकल्यामुळे निम्मे जण मिरवणुकीत गेले होते. जे आले त्यांच्या अंगाला माती होती आणि कपाळाला गुलाल. त्यांच्या पुढाऱ्याने दादासाहेबांच्या पाया पडून माईक घेतला आणि जाहीर केलं, "आमचा दादासाहेबांना फुल सपोर्ट आहे. फक्त एकच अट. हॉलला नाव आमच्या मंडळाचं पाहिजे."

हॉलवर नाव दादासाहेबांच्या वडिलांचं होतं. टोपीवाल्यांतले सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. "दादा, ह्ये तू कबूल केलंस?"

दादासाहेब म्हणाले, "नाही. म्हणजे, नावाचं बोलणं झालं नव्हतं."

"झालं होतं की," पुढारी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हे दादासाहेबांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"आमी तुज्यासाठी आलो," आजोबा म्हणाले. "ह्यांच्यासाठी नाय." ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि त्यांच्यामागे बाकीच्या टोप्याही वळल्या.

ठरावाला हात वर करायला सांगितलं. समितीचे हात वर गेले, अंबरनाथचे गेले. सेवारामजींनी डबा मांडीवर ठेवून हात वर केला. मंगलचे दोन्ही हात मांडीवर होते. सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती समोर बापाकडे. दादासाहेबांनी तिला काही खुणावलं नाही, हे मी पाहिलं. मग तिने हात वर केला आणि सगळ्यांचे मोजून झाले तरी खाली घेतला नाही. शेजारच्या बाईने तो धरून खाली आणला.

जिंकलेल्यांना थांबायचं कुठे हे इंग्लंडात कळलं नव्हतं. इथेही एका उत्साही सभासदाने सुचवलं, की आता भिंतीवरचा दादासाहेबांच्या वडिलांचा फोटोही काढा. गायकवाड घुटमळले. गेल्या वेळचे पेढे त्यांना आठवत असावेत. मंगल जागेवरूनच म्हणाली, "फोटो राहू दे. माझ्या आजोबांनी कोणाला दिलेला शब्द मोडला नव्हता."

दादासाहेब तेव्हा उठून बाहेर गेले.

रात्री जेवणं झाली. काकूंनी वाढलं, मंगलने पाणी दिलं, दादासाहेबांनी मीठ मागितलं. मंगलने मीठ दिलं. माझ्या व्याख्यानाबद्दल कोणी काही बोललं नाही. व्याख्यान परिणामकारक झाल्याचं इतकं खात्रीचं लक्षण मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छाही नाही.

सकाळी मंगल लवकर बाहेर पडली होती. मला स्टेशनवर सोडायला कोण येणार हा प्रश्न होता. पाहुण्याला पोचवणं हे अध्यक्षांचं काम आणि नवे अध्यक्ष गायकवाड अंबरनाथला पहिल्या पाळीत. दादासाहेबांनी माझी बॅग उचलली. चालता चालता म्हणाले, "मॅडम, त्या राजाला मुलगी होती?"

"होती. तेरा वर्षांची. आदल्या दिवशी तिला भेटायला आणलं होतं."

"कोणाच्या बाजूची होती?"

"बापाच्या. खूप रडली."

आम्ही भाताच्या कापलेल्या शेताच्या कडेने चाललो होतो. त्यांचा तो आवाज प्रथमच खरोखर हळू ऐकू आला. "मग आपलं काय चुकलं ते त्याला कळलंच नसेल."

वीस वर्षांत मला कोणी हे उत्तर दिलं नव्हतं आणि मी त्याला किती मार्क दिले असते हेही मला ठरवता येईना.

वाटेत हॉल लागला. दार उघडं होतं. आत बाकांवर मुली मान खाली घालून अभ्यास करत होत्या आणि मंगल टेबलाशी बसून वर्तमानपत्रं लावत होती. दादासाहेब पायरीशी थांबले. पुढे होईनात आणि मागेही फिरेनात.

"पेपर वाचायला बसू का?" त्यांनी विचारलं.

मंगलने मान वर केली नाही. "सगळ्यांसाठीच उघडं आहे," ती म्हणाली. "चप्पल बाहेर काढा."

त्यांनी माझी बॅग खाली ठेवली, भिंतीला हात टेकून एकेक चप्पल काढली आणि आत गेले. शेवटच्या बाकावर दोन मुलींनी सरकून त्यांना जागा दिली.

मी जरा वेळ वाट पाहिली. मग बॅग उचलली आणि स्टेशनचा रस्ता विचारत एकटीच निघाले.